किती रात्री

बिटकोजवळच्या ट्रॅव्हल्समधल्या मृण्मयीने
तीन रंगीत कागद पसरले टेबलावर.
दोन रात्री, गोवा आणि परत.
चार रात्री.
सात रात्री, थेट कोलंबोपर्यंत,
मध्ये दोन दिवस नुसतं पाणी.
“दोन रात्रींत काकू, बोटीचे जिने कळेपर्यंत उतरायची वेळ येते.
सातला काही जण कंटाळतात.
तुमचं तुम्ही बघा.”

तुमचं तुम्ही बघा.
कागदांची गुंडाळी करून आम्ही जेलरोडला घरी आलो.

हे म्हणतात, सात.
पैसे मोजायचेच तर पोटभर.
मी म्हणते, दोन.
दूध बंद करायला सांगावं लागेल,
गच्चीतली अबोली वाळेल,
नळाला पाणी दिवसाआड, टाकी कोण भरणार,
आणि सात रात्रींना साड्या किती न्यायच्या.
कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये होते मी.
कोरे पासपोर्ट तपासायचे.
छत्तीस पानं, आकडे ओळीने आहेत ना,
एखादं उलटं तर शिवलं नाही ना,
ओल्या स्पंजवर अंगठा, आणि पुढचा.
कुणाकुणाला दुबईला धाडलं, कुणाला कॅनडाला,
नाव-गाव छापायच्या आधीच.
गेल्या महिन्यात आमचे दोघांचे आले पोस्टाने.
मी आधी पानं मोजली.
गोव्याला गेलो तर ते कपाटातच राहतील,
पेन्शनच्या फायलीखाली, कोरे.

हे पलीकडे, नोटांच्या छापखान्यात.
मी सकाळी आत जायचे तेव्हा हे रात्रपाळी करून बाहेर.
गेटवर भेट.
किल्ली, पोराचा ताप, आमटीत मीठ घातलंय,
एवढं हातात देऊन तो घराकडे, मी मशीनकडे.
लोक म्हणतात, अडतीस वर्षांचा संसार.
सलग, दुसरं काहीच काम नसताना, दोघंच दोघं,
असे दिवस मी मोजून पाहिले एकदा.
सापुतारा, त्र्याण्णव साल, तीन दिवस.
तिसऱ्या दुपारी बोलणं संपलं.
तलावाकाठी बसून आम्ही मक्याची कणसं खाल्ली,
दाणा दाणा काढून, वेळ लागावा म्हणून.
वाईट नव्हतं काही.
पण लक्षात राहिलं.

आता दोघंही रिटायर, तरी घरात कुकर असतो,
बेल वाजते, इस्त्रीवाला येतो.
बोटीवर कोण येणार?
गोळ्यांची डबी उघडते मी, सात कप्प्यांची.
सोमवारी निघालो तर चौथा दिवस गुरुवार.
गुरुवारच्या कप्प्यात बोट घालून बघते.
चहूकडे पाणी, हे, मी,
आणि भिंतीला जोडलेला पलंग.

संध्याकाळी दसकच्या घाटावर गेलो चालत.
पाणी कमी होतं, शेवाळाचा वास.
मी म्हटलं, समुद्र इथून पश्चिमेला, गाडीने चार-पाच तास.
आणि ही बया त्याच्याकडे पाठ करून निघाली पूर्वेला,
पार राजमुंद्रीच्याही पुढे.
“हिला कुठे कार्ड पंच करायचं होतं,” हे म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
एका म्हशीने पाण्यात बसायला जागा शोधली, तेवढा.
मग चप्पल झटकत, माझ्याकडे न बघता,
“पत्त्यांचा जोड घेऊ बरोबर.
तुला रमी येते?”

अडतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत.
येते.
जेवणाच्या सुट्टीत शिकले, पॅकिंगच्या वत्सलाकडून,
आणि महिन्याला शंभरेक रुपये जिंकायचे.
ह्यांनी थांबून पाहिलं माझ्याकडे,
नोट उजेडात धरून बघावी तसं.

सकाळी मीच फोन लावला मृण्मयीला.
सात, म्हटलं.
“खोली आतली की खिडकीची, काकू?
खिडकीला जास्त पडतील.”
मी आकडा विचारायच्या आत
हे मागून ओरडले, खिडकीची!
मग जरा हळू,
“असू दे. गुरुवारी लागेल.”